पोलादाच्या मुलखात

हैदराबादेहून नागपूरकडे निघालेला प्रवासी आदिलाबाद जिल्हा बहुधा मोटारीच्या खिडकीतूनच पाहतो. सोन गावाजवळ गोदावरी ओलांडावी, निर्मल मागे टाकावे, महबूब घाटाची वळणे चढावीत आणि मग नेरडीगोंडा, इच्चोडा, गुडीहत्नूर अशी नावे वाचीत, साग आणि कापूस यांच्यामधून आदिलाबाद गाठावे; पुढे पैनगंगा लागली की महाराष्ट्र. फार तर कुंतला धबधब्यासाठी कोणी वाट वाकडी करतो, पौषी अमावास्येच्या सुमारास केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला कोणी जातो. आम्ही मात्र गेल्या दोन वर्षांत या जिल्ह्यात चार खेपा केल्या त्या ना धबधब्यासाठी, ना जत्रेसाठी. आम्ही गेलो लोहारकाम शिकावयास.

‘आम्ही’ म्हणजे हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या तीन मराठी घरांतील तिघे जण. एक बँकेतून निवृत्त झालेले, एक शाळेत विज्ञान शिकविणारे आणि एक अजून नोकरीत असलेले. लेखणी आणि कागद यांवाचून दुसरे अवजार आमच्यापैकी कोणाच्या घराण्यात फारसे चाललेले नाही. हाताला काही तरी जड, खरे काम हवे, एवढीच मूळची हौस. ती आदिलाबादेसच का घेऊन गेलो, याला दोन कारणे आहेत. एक भाषेचे आणि दुसरे इतिहासाचे.

भाषेचे कारण सोपे. हा जिल्हा आज तेलंगणात असला तरी येथल्या आठवडी बाजारात तेलुगू, गोंडी, दखनी आणि मराठी अशा चारही भाषा एकाच तागडीत तोलल्या जातात. १९५६ पूर्वी किनवट आणि राजुरा हे भाग याच जिल्ह्यात होते. भाषावार पुनर्रचनेत ते पलीकडे गेले. राजुरा प्रथम नांदेडला आणि १९५९ मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्याला जोडले गेले. सीमा सरकली, माणसे होती तेथेच राहिली. २०१६ साली तर जुन्या आदिलाबादचेच आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमुरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. हातोडा हाती घेऊन शिकावयाचे तर समजावणारा आपल्या भाषेत समजावणारा असावा. तो आम्हांस येथे मिळाला.

इतिहासाचे कारण अधिक मोठे आहे आणि त्यासाठी गोदावरीच्या अलीकडे थोडे थांबले पाहिजे. आरमूरहून पूर्वेकडे गेले की निजामाबाद जिल्ह्यातील कम्मरपल्लीच्या बाजूला कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. तेलुगूत लोहाराला ‘कम्मरी’ म्हणतात, म्हणजे या परिसराच्या नावातच ऐरणीचा नाद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्रिकोणमितीय सर्वेक्षणाबरोबर फिरणारा डॉक्टर आणि भूगर्भज्ञ हेन्री व्हॉयसे येथे आला होता. तो १८२४ मध्ये वारला. त्याने येथील पोलादाविषयी लिहिलेले टिपण १८३२ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोन वेगवेगळ्या ठिकाणांचे लोखंड ठरावीक प्रमाणात एकत्र करून मातीच्या मुशीत बंद करावयाचे, भट्टीत सुमारे एक दिवस व एक रात्र तापवावयाचे, मूस सावकाश निवू द्यावयाची, मग ती फोडून आतील पोलादाची वडी काढावयाची आणि मातीत लपेटून पुन्हा पुन्हा मंद आचेवर ठेवून ती नरम आणावयाची, असा तो विधी. व्हॉयसे गेला तेव्हा इराणी व्यापारी हे पोलाद खरीदण्यासाठी या आडगावी येऊन राहिलेले होते. निर्मलजवळच्या दिमदुर्तीच्या लोखंडाचेही नाव याच ओघात घेतले जाते. दमास्कसच्या नावाने जगात गाजलेल्या, पाण्याच्या लाटांसारखी नक्षी अंगावर वागविणाऱ्या तलवारींना लागणारे पोलाद ज्या मुलखांतून जात असे, त्यांत हा मुलूख होता.

कानडी-तेलुगूतील ‘उक्कू’ या शब्दापासूनच इंग्रजांनी आपला ‘वूट्झ’ हा शब्द घेतला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. १७९४ मध्ये मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉटने या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सनने त्यावर निबंध वाचला. आणि १८१९ च्या सुमारास या हिंदी पोलादाचे रहस्य उकलावयास बसला तो मायकेल फॅरडे. विजेच्या शोधांमुळे आपण त्यास ओळखतो. पण तो मुळात एका लोहाराचा मुलगा होता, हे आम्हांस या निमित्ताने कळले. आपल्या मराठीतला ‘पोलाद’ हा शब्दसुद्धा फारसी. त्याआधीचा आपला शब्द ‘तिखे’, म्हणजे तीक्ष्ण होणारे लोखंड. माल येथला, नाव गिऱ्हाइकाचे!

आज कोनासमुद्रमच्या परिसरात त्या भट्ट्यांपैकी एकही पेटत नाही. राहिले आहेत ते मुशींचे तुकडे आणि लोहकिटाचे ढीग. बंगळूरची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था आणि इंग्लंडातील एक्सेटर विद्यापीठ यांच्या अभ्यासकांनी २०१० साली उत्तर तेलंगणाच्या गावोगाव फिरून अशा खुणांची नोंद केली. स्वस्त विलायती पोलाद आले, १८५६ नंतर बेसेमरच्या पद्धतीने ते आणखी स्वस्त झाले, तलवारीची मागणी ओसरली, कोळशासाठी लागणारी जंगले हाताबाहेर गेली. आणि ज्यांना मुशीतला रंग ओळखता येत होता त्यांच्या मुलांना तो ओळखण्याची गरज उरली नाही. धातुक येथल्या जमिनीत अजून आहे. नाहीशी झाली ती ओळख.

हे मनात घेऊनच आम्ही घाट चढून आदिलाबादकडे आलो.

आमचे गुरू आदिलाबादेपासून थोड्या अंतरावरील एका गावात राहतात. त्यांना सारे गाव ‘काका’ म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो. लोहारशाळा म्हणजे चार खांबांवरचे पत्र्याचे छप्पर, जमिनीत खोदलेली लहानशी भट्टी आणि तिला हवा पुरविणारा हाताने फिरवावयाचा लोखंडी पंखा. चामड्याचा जुना भाता आढ्याला टांगलेला आहे. तो वापरात नाही, पण काढलेलाही नाही. समोर लाकडाच्या ओंडक्यात घट्ट बसविलेली चौकोनी ऐरण. काका तिच्यापुढे जमिनीवर बसून काम करतात. डाव्या हाती सांडशी, उजव्या हाती किलोभर वजनाचा हातोडा. घण मारतात त्या काकू. चार-पाच किलोंचा घण त्या डोक्यावरून फिरवून नेमका तेथेच आणतात जेथे काकांनी हातोड्याने टिचकी मारून जागा दाखविलेली असते. दोघे बोलत नाहीत. हातोडा ऐरणीवर आडवा वाजला की घण थांबतो. १९६५ च्या ‘साधी माणसं’ या चित्रपटातील लोहारदांपत्य आणि लोहारणीच्या तोंडचे ते गाणे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. परंतु घणाखाली जमीन हादरते तेव्हा हे गाण्याइतके मृदू काम नव्हे, हे पायांच्या तळव्यांना कळते.

पहिल्या दिवशी आम्ही वही आणि घड्याळ घेऊन बसलो होतो. किती मिनिटे तापवावयाचे, अशी पृच्छा केली. काका हसले. “घड्यायाकडे नोका पाहू, लोखंडाकडे पाहा. पयले कुकू, मंग पयस, मंग हयद. हयदीच्या वर नोका जाऊ.” कुंकू, पळस, हळद! पुढे आम्ही तापमानाचे कोष्टक पडताळून पाहिले. कुंकवाचा लाल रंग सातशे-आठशे अंश सेल्सिअसच्या आसपास, पळसाचा नारिंगी नऊशेच्या पुढे आणि हळदीचा पिवळा हजार-अकराशेच्या घरात. घडाईचे काम पळस आणि हळद यांच्या दरम्यान. कुंकवावर आले की पुन्हा भट्टीत. कारण निवत चाललेल्या पोलादावर घाव घातले तर ते वाकत नाही, आतून तडकते. हळदीच्या वर गेले की पांढऱ्या ठिणग्या फुटू लागतात. ते लोखंड जळाले, पुन्हा कामाचे नाही. म्हणूनच लोहारशाळेत सावली हवी. उन्हात रंग दिसत नाही.

शिकण्याचा क्रमही काकांचाच. सुरी करावयाची घाई प्रत्येक हौशी माणसाला असते. तिला येथे जागा नाही. प्रथम सळईला निमुळते टोक काढणे, मग ते वाकवून खुंटीचा आकडा करणे, मग चपटे करणे, मग छिन्नीने तोडणे, मग सुंभ्याने भोक पाडणे. या पाच गोष्टी आल्या की उरलेले सारे त्यांच्याच जुळण्या. तिसऱ्या खेपेस आम्ही स्वतःची सांडशी केली. सांडशीची पकड सैल असेल तर तापलेला तुकडा उडून अंगावर येतो. म्हणून तुकड्यागणिक सांडशी निराळी. काकांकडे त्या अकरा आहेत.

पोलादाविषयी चार शब्द लिहिणे अवश्य आहे. बाजारात सहज मिळते ती मृदू पोलादाची सळई. तिच्यात कर्ब एक टक्क्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. ती घडविण्यास सोपी. आकडे, बिजागऱ्या, कड्या यांना उत्तम, पण पाणी देऊन कडक होत नाही. धार हवी असेल तर मोटारीचे जुने कमानपाटे घ्यावेत. त्यांत कर्ब अर्धा टक्का किंवा थोडा अधिक असतो. छिन्नी, विळा, कुऱ्हाड यांना ते पुरते. जुनी कानस एक टक्क्याच्या पुढची. ती कडक तितकीच ठिसूळ. ओळखावयाची युक्ती सोपी आहे. सहाणेच्या चाकाला तुकडा लावावा. मृदू पोलादाच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांच्या; कर्ब जितका अधिक तितके ठिणगीच्या टोकाला फुलबाजीसारखे फाटे अधिक. आपल्या मुशीतल्या पोलादात कर्ब दीड टक्क्यापर्यंत आणि कधी त्याहूनही जास्त असे. युरोपातील लोहारांना ते घडविता येईना, याचे कारण हेच. ते आपल्या सवयीच्या मोठ्या आचेवर तापवीत आणि ते चुऱ्यासारखे फुटे. येथल्या लोहाराचा हात हलका आणि आच कमी.

पाणी देणे हा विद्येचा गाभा. हत्यार कुंकवाच्या उजळ रंगावर आणावयाचे. विज्ञानशिक्षकांनी येथे लोहचुंबक पुढे केला. सुमारे ७७० अंशांवर पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते; त्याच्या किंचित वर गेले की पाणी देण्याची वेळ. काकांनी चुंबक कौतुकाने पाहिला, दोनदा लावून पाहिला आणि बाजूला ठेवला. त्यांनी रंगावरून सांगितलेला क्षण आणि चुंबकाचा क्षण एकच होता. मग फक्त धारेकडचा भाग पाण्यात बुडवून काढावयाचा, विटेच्या तुकड्याने घासून उजळ करावयाचा आणि पाहत राहावयाचे. मागच्या भागातली ऊब पुढे सरकते आणि धारेवर रंग चढू लागतात: प्रथम वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. गवती रंगावर थांबविले तर धार कडक राहते, निळ्यावर थांबविले तर चिवट. दगडावर आपटणाऱ्या छिन्नीला जांभळा, लाकडात शिरणाऱ्या वाकसाला पिवळा. हवा तो रंग आला की पुरते पाण्यात. हे सारे काही पळांचे काम. कमानपाट्याचे पातळ पाते मात्र पाण्यात तडकण्याचा संभव असतो. ते तेलात बुडवावे.

घरी हे काम आरंभणाऱ्यांस काही पथ्ये. अंगात सुती कपडे हवेत. कृत्रिम धाग्याचा कपडा ठिणगीने वितळून कातडीस चिकटतो. डोळ्यांस चष्मा, पायांत चामड्याचे जोडे. जस्ताचा मुलामा दिलेला नळ वा पत्रा कधीही भट्टीत घालू नये. त्याच्या धुराने ताप भरतो आणि तो धूर बंद जागेत जिवावर बेतू शकतो. निवल्यासारखे दिसणारे लोखंड काळे असले तरी हात भाजण्याइतके गरम असते. प्रथम तळहाताची मागली बाजू जवळ नेऊन पाहावी.

आता ऐरण. हौशी माणसाला पंचवीस ते पन्नास किलोंची ऐरण पुष्कळ झाली. विकत घेताना वरून लहान गोळी किंवा हलका हातोडा सोडून पाहावा. उसळी चांगली आणि नाद स्वच्छ असेल तर वरचा पृष्ठभाग कडक पोलादाचा आहे; बद्द आवाज आला तर ती बिडाची, किंवा कोठे तरी चिरलेली. ऐरण न मिळाल्यास रुळाचा तुकडा चालतो. परंतु तो लिलावातल्या भंगारातून पावती घेऊनच घ्यावा. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. उभ्याने काम करणाऱ्याने ऐरणीची उंची आपल्या लोंबत्या हाताच्या मुठीइतकी ठेवावी. उंच झाली तर खांदा धरतो, ठेंगणी झाली तर कंबर. बाभळीचा किंवा चिंचेचा ओंडका तिच्याखाली उत्तम.

तिची निगा सोपी आहे, पण रोजची आहे. थंड पोलाद तिच्यावर ठोकू नये. हातोड्याचा रिकामा घाव तिच्या कडेवर पडू देऊ नये. कडेचा टवका उडाला तर तो गोळीसारखा जातो. छिन्नीने आरपार तोडताना खाली मऊ लोखंडाचा पत्रा घालावा. पृष्ठभाग खडबडीत झाला म्हणून तो भट्टीत तापवू नये, वाटेल तसा वेल्डिंगने भरूनही काढू नये. तिचे पाणी उतरते आणि ती कायमची मऊ पडते. लोखंडावरून सुटलेले पापुद्रे काम संपताच झाडून टाकावेत. पावसाळ्यात करडईच्या किंवा जवसाच्या तेलाचा बोळा फिरवावा. काका हे सारे करतात, पण ‘निगा’ हा शब्द वापरीत नाहीत. ऐरणीवर पाय ठेवावयाचा नाही, बसावयाचे नाही, जेवणाचा डबा ठेवावयाचा नाही. खंडेनवमीला तिला धुऊन, घासून, तेल लावून हळदकुंकू वाहावयाचे. नवमी येते ती नेमकी पावसाळा सरताना, जेव्हा गंज घासून काढण्याची खरोखर वेळ असते. देवाचे म्हणून केले तरी लोखंडाचे हित होतेच.

काकांच्या वडिलांनी ही ऐरण आणली. तिच्या मध्यभागी आता उथळ वाटीसारखा खळगा पडला आहे. दोन पिढ्यांच्या घावांचा तो हिशेब. तिसरी पिढी तालुक्याच्या गावी वेल्डिंगच्या दुकानात आहे. तेथे सावली आहे, पगार ठरलेला आहे. मुलाचे चुकले असे काका म्हणत नाहीत, आम्हीही म्हणणार नाही. पूर्वी पेरणीच्या आधी नांगराचे फाळ, वखराच्या आणि डवऱ्याच्या पासा, गाडीच्या चाकाच्या धावा यांची रांग लागे. आता ट्रॅक्टर आहेत आणि पाती दुकानात तयार मिळतात. उरले आहे ते विळे-कुऱ्हाडी पाजवण्याचे काम. भंगारवाला दोनदा ऐरण मागून गेला, किलोच्या भावाने.

तिसऱ्या खेपेस आम्हीच ती विकत घ्यावी, भंगारापेक्षा कितीतरी अधिक मोल द्यावे, असा विचार आमच्यापैकी एकाने बोलून दाखविला. हैदराबादेत ती जपली गेली असती, यात शंका नाही. काका काही बोलले नाहीत. काकू म्हणाल्या, “ऐरण न्याल साहेब, मंग आमी बसाव कोठी?” त्या प्रश्नापुढे आमची निगा, आमचे तेल आणि आमचा ओंडका यांचे मोल आम्हांस कळले. कोनासमुद्रमच्या मुशींचे तुकडेही जपूनच ठेवलेले आहेत. पोलाद मात्र त्यांतून होत नाही.

म्हणून आम्ही दुसरा मार्ग धरला. दर खेपेस काकांना आणि काकूंना दोघांनाही दिवसाची पुरी मजुरी आणि वर शिकवणीचे निराळे, घासाघीस नाही. शिवाय सांडश्या, छिन्न्या, खुरपी, आकडे यांची मागणी आमच्या ओळखीच्या घरांतून गोळा करून नेतो. गेल्या खेपेस ती चाळीस नगांची झाली आणि ती पुरी करावयास काकांचा मुलगा सुटीच्या दोन दिवशी घरी येऊन भट्टीशी बसला. तो राहील की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. त्याला रंग ओळखता येतात, एवढे आम्ही पाहिले.

हौशी माणसाच्या हातून काय व्हावयाचे, असे कोणी म्हणेल. अमेरिकेतील फ्लॉरिडाचा आल्फ्रेड पेंड्रे हा घोड्यांना नाल ठोकणारा लोहार. त्याने वर्षानुवर्षे स्वतःच्या भट्टीत मुशीचे पोलाद करून पाहिले आणि आयोवाच्या विद्यापीठातील प्राध्यापक जॉन व्हरहोवेन यांच्या जोडीने १९९८ मध्ये असे मांडले की, त्या लाटांच्या नक्षीचे मर्म धातुकात मुळातच असलेल्या व्हॅनेडियमसारख्या द्रव्यांच्या अत्यल्प अंशात आहे. प्राध्यापकाला सूक्ष्मदर्शक होता. रंग ओळखणारा डोळा लोहाराचा होता. दोन्ही मिळाले तेव्हा उत्तर निघाले. आपल्याकडे तो डोळा अजून गावोगाव आहे, आणि त्यास विचारणारा नाही.

वाचकांपैकी ज्यांना हाताच्या कामाची हौस असेल, त्यांनी आपल्या गावच्या बाजारात कोणत्या कोपऱ्यात भट्टी पेटते ते आधी पाहावे. मग पुस्तक आणि मग ऐरण. इंदूर असो, बडोदे असो वा तंजावर, असा कोपरा बहुधा सापडेल. जाताना घड्याळ घरी ठेवावे. आमची पुढची खेप खंडेनवमीची ठरली आहे. त्या दिवशी काम नसते. ऐरणीची पूजा असते आणि आम्हांस जेवावयास बोलाविले आहे.